सर, यूपीएससी देताय का?



20 सप्टेंबर 2025, शनिवार. मेसमध्ये पोहे होते. एरवी आपल्याकडे पोह्यांच्या दिवशी एकच राष्ट्रीय प्रश्न असतो, तो म्हणजे शेंगदाणे कुठे गेले! त्या दिवशी मात्र कुणाचं पोह्यांकडे लक्षच नव्हतं. सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी एका आदेशावर सही केली होती आणि नव्या एच-वन-बी अर्जामागे एक लाख डॉलर भरावे लागणार होते. फायनल इयरचा एक मुलगा प्लेट तशीच ठेवून माझ्या टेबलापाशी आला. जीआरई झालेली, बँकेत कर्जाची चौकशी झालेली. म्हणाला, "सर, हे असं एका सहीनं होतं? आपली काही चूक नसताना?"

दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ही फी फक्त नव्या अर्जांना आहे आणि एकदाच आहे, वगैरे. पोरं थोडी सावरली. मी मात्र त्या प्रश्नातच अडकून राहिलो. कारण हाच प्रश्न मी पंधरा वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता. आमच्या बागेत, अण्णांच्या तोंडून.

माझं गाव निमगाव केतकी. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. पानमळ्यांचं गाव. तुकोबांची पालखी मुक्कामाला असते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते, एरवी उसाच्या ट्रॅक्टरमुळे नसते. आमचा थोडा ऊस आणि एक एकर थॉमसन द्राक्षं. 2010 साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या वर्षी अण्णांनी पहिल्यांदा माल युरोपला द्यायचं ठरवलं. मणी मोजले, घड विरळले, औषधांची वही ठेवली. पेट्या भरून गेल्या तेव्हा आईनं गाडीपुढे नारळ फोडला होता. आणि मग बातमी आली की युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, सीसीसीचा अंश सापडला.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीचा शेंडा आवरायला आपल्याकडे कित्येक वर्षं वापरत होते. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. मी इंजिनिअर, लगेच कॅल्क्युलेटर काढला. वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! अण्णांना गणित समजावून सांगितलं, पीपीएम म्हणजे काय ते सांगितलं, लॅबमधलं यंत्र कसं काम करतं तेही सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आरं, ते समदं खरं. पण हे ठरवलं कुणी? आन् आपल्याला आधी कुणी सांगितलं का न्हाय?"

मी गप्प. माझ्याकडे फर्स्ट क्लासची डिग्री होती आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आकड्याचा अर्थ मला कळत होता, पण तो आकडा कुठल्या टेबलावर, कुणी, कुणाच्या सोयीनं लिहिला हे कळत नव्हतं. त्या वर्षीचं बागेवरचं कर्ज फेडायला मला माझ्या पगारातून तीन वर्षं लागली. खरं सांगायचं तर कर्जापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागलं.

त्यानंतर बरीच वर्षं काहीच केलं नाही. हे प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी दुसऱ्याच दिवशी पेटून उठलो. पेटलो-बिटलो नाही. लग्न, एमई, मुलगी, मग इथली रेक्टरची जबाबदारी. 2022 मध्ये इग्नूच्या राज्यशास्त्राच्या एमएला नाव घातलं, कारण पहिल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संबंधांचा आठ क्रेडिटचा सक्तीचा पेपर होता. मला तोच पाहिजे होता, बाकीचे त्याच्याबरोबर आले.

स्टाफरूममध्ये बातमी फुटली आणि प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न तुम्हीच विचारलात. "सर, यूपीएससी देताय का?" अरे बाबांनो, माझं वय बघा! दुसरा प्रश्न सहकाऱ्यांचा: "याचं इन्क्रिमेंट मिळतं का?" नाही मिळत. तिसरा आमच्या सौभाग्यवतींचा: "अहो, परदेशाचं नंतर बघा, आधी गॅसचा नंबर लावा." या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे बचाव नव्हता. चौथा प्रश्न मात्र गंभीर होता. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारला: "रोज पेपर वाचतोस ना? मग अजून काय शिकायचंय त्यात?"

या लेखाचं निमित्त तेच आहे. माझं म्हणणं असं की पेपर वाचणं आणि हा विषय शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि इंजिनिअरनं तो शिकावा, नोकरी करता करता शिकावा, यूपीएससी नसली तरी शिकावा.

उदाहरण घरचंच देतो. आमचा ऊस भवानीनगरला जातो. उसाचा एफआरपी केंद्र सरकार ठरवतं हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतंच. पण 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी त्याच एफआरपीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, हे आमच्या गावात किती जणांना माहीत असेल? त्यांचं म्हणणं असं की विकसनशील देशानं पिकाला द्यायचा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत असावा, भारत त्याच्या पलीकडे गेला. 14 डिसेंबर 2021 ला निकाल आला, तो भारताच्या विरुद्ध. 2014-15 ते 2018-19 असे पाच हंगाम मर्यादा ओलांडली म्हणे. पेपरात ही बातमी आली होती. मी वाचलीही होती, वाचून पान उलटलं होतं.

अभ्यासाला बसल्यावर पुढची गंमत कळली. डिसेंबर 2021 मध्येच भारतानं अपील केलं. कुठे? अपिलीय मंडळाकडे. आणि त्या मंडळावर तेव्हा एकही सदस्य नव्हता! अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर 2019 पासूनच ते मंडळ बंद पडलेलं. म्हणजे कोर्टात अपील दाखल, पण न्यायाधीशांची खुर्ची रिकामी, त्यामुळे खालचा निकाल लागू होत नाही. हे वाचताना मी रात्री साडेबाराला रेक्टर रूममध्ये एकटाच हसलो. वॉचमन येऊन डोकावून गेला.

हसू ओसरल्यावर विचार आला की आमच्या उसाचा दर ज्या अनेक खुंट्यांना बांधलाय त्यातली एक जिनिव्हात आहे. तिथली रिकामी खुर्ची सध्या आपल्या सोयीची आहे. पण उद्या दुसऱ्या कुणी आपल्याशी वाकडं वागलं आणि आपल्यालाच त्या कोर्टात जायचं असलं, तर? तीच खुर्ची आपल्याला नडणार. पेपरात मला फक्त "भारताला धक्का" एवढं दिसलं होतं. शिकल्यावर खुर्ची दिसली.

आता या विषयाची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्याकडे "इंटरनॅशनल रिलेशन्स" म्हटलं की पोरांना वाटतं राजदूत, सूट आणि शॅम्पेन. स्वतंत्र विषय म्हणून याचं पहिलं अध्यासन 1919 साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला निघालं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, लाखो पोरं मेलेली, आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल हा साधा, कळकळीचा प्रश्न त्यामागे होता. तो प्रश्न काही सुटला नाही, वीस वर्षांत दुसरं युद्ध झालंच. मग मॉर्गेन्थाऊसारखे लोक म्हणाले की देश सत्तेसाठीच वागतात, उगाच भाबडेपणा नको. वॉल्ट्झनं 1959 मध्ये विचारलं की युद्धाचं कारण शोधायचं कुठे? माणसाच्या स्वभावात, देशाच्या आतल्या रचनेत, की देशांची मिळून जी सिस्टीम होते तिच्यात? सिस्टीम हा शब्द आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

माझ्या सर्वात आवडीचा माणूस मात्र वेगळाच निघाला. मेकॅनिकलवाल्यांनो, हीट ट्रान्सफरमध्ये रिचर्डसन नंबर शिकता ना? तोच हा लुईस फ्राय रिचर्डसन. हवामानशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक धरायला नकार दिला आणि फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम केलं. पुढे हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं, तेव्हा त्यानं 1920 मध्ये राजीनामा दिला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना नोकरी सांभाळून मानसशास्त्राची पदवी घेतली आणि 1929 पासून स्कॉटलंडमधल्या पेस्ली टेक्निकल कॉलेजचा प्राचार्य झाला. टेक्निकल कॉलेज! म्हणजे आपल्यासारखंच. दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात एकच ध्यास, देश का लढतात. त्यानं शस्त्रस्पर्धेची डिफरन्शियल इक्वेशन्स मांडली. माझी शस्त्रं वाढण्याचा वेग कशावर अवलंबून? एक, तुझ्याकडे किती शस्त्रं आहेत. दोन, मला खर्चाचा किती ताण पडतोय, हे वजा. तीन, जुना राग. बस्स, एवढंच. पण सोडवून बघा, कुठल्या कोइफिशंटला सिस्टीम स्थिर राहते आणि कुठल्याला हाताबाहेर जाते ते स्वच्छ दिसतं. एम-थ्री पास झालेल्या कुणालाही जमेल. मी थर्ड इयरच्या बॅचला ट्युटोरियलमध्ये दिलं होतं. त्यांनी सोडवलं आणि मग विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" असो.

यातलीच एक कल्पना आहे, मराठीत सुरक्षेचा पेच म्हणू. जॉन हर्झ यानं 1950 मध्ये तिला नाव दिलं. पुस्तकात ती वाचताना दोनदा डोक्यावरून गेली. मग शनिवारी एसटीनं गावी गेलो आणि बांधावर उभा राहिलो तेव्हा लख्ख कळली. आमची बोअर तीनशे फूट. उन्हाळ्यात पाणी कमी झालं म्हणून शेजारच्या काकांनी पाचशे फूट घेतली. त्यांच्या मनात आमचं वाईट करायचं नव्हतं, फक्त आपली बाग वाचवायची होती. पण आमचं पाणी तुटलं. मग अण्णांनी सहाशेची घेतली. काकांना वाटलं, हे मुद्दामच केलं. त्यांनी आठशे! आज दोघांच्याही बोअरला पाणी नाही, दोघांवरही कर्ज आहे आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणीही वाईट नसताना सगळ्यांचं वाईट होतं, यालाच सुरक्षेचा पेच म्हणतात. अण्वस्त्रांपर्यंत जायची गरज नाही, इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जा.

म्हणूनच मला वाटतं की हा विषय आपल्याला जन्मजात येतो. आपल्या घरांतही तो आहेच. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीच्या आणि लाल मिलोच्या गोष्टी सांगायची. मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची, जनावरांचं खाणं माणसाला कसं आलं, हे सगळं. मी ते दुष्काळाची गोष्ट म्हणून ऐकायचो. त्याच्या मागची दुसरी गोष्ट एमए करताना कळली. अमेरिकेनं 1954 मध्ये पीएल-480 नावाचा कायदा केला, आपल्याकडचं जास्तीचं धान्य मित्रदेशांना सवलतीत द्यायचं. 1956 पासून भारतानं ते घेतलं. साठच्या दशकाच्या मध्यात लागोपाठ दोन दुष्काळ पडले, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाच्या बोटी आखडत्या हातानं सोडल्या. भारत व्हिएतनामवर काय बोलतो याचा आणि बोट कधी सुटते याचा संबंध होता. त्याच सुमारास बारामती भागात कासा या ख्रिस्ती संस्थेमार्फत आलेल्या धान्यावर लोकांनी पाझर तलाव खोदले. खोदाईला मजुरी म्हणून धान्य. त्या कामातूनच पुढे 1971 मध्ये बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. बघा, एकाच धान्याच्या दोन बाजू. तेच एका हातात लगाम होतं आणि दुसऱ्या हातात तलाव. आजीनं फक्त भाकरी तुटलेली पाहिली होती.

आणि आपल्या शाखांचं काय? पुण्याचं सीडॅक तुम्हाला कोर्सच्या फीमुळे माहीत असतं. ते 1988 मध्ये निघालं, कारण आपल्याला हवा होता त्या ताकदीचा क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेनं द्यायला नकार दिला. त्यांना भीती होती की तो हवामानाऐवजी शस्त्रांच्या कामाला लागेल. डॉ. विजय भाटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. क्रायोजेनिक इंजिनाचंही तेच. रशियाबरोबर 1991 मध्ये करार झाला, 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावानं तंत्रज्ञान गळालं, फक्त तयार इंजिनं मिळाली. स्वदेशी इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वीपणे उडालं ते 5 जानेवारी 2014 ला. आपण या गोष्टी 15 ऑगस्टच्या भाषणात अभिमान म्हणून ऐकतो, आणि अभिमान वाटायलाच हवा. पण कुठली मशीन कुणाला विकायची हे कोण ठरवतं, ते कसं बदलतं, हे इंजिनिअरला माहीत नको? तुम्ही उद्या ज्या कंपनीत चिप, ड्रोन नाहीतर बॅटरीवर काम कराल तिथे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेटेल.

इथपर्यंत वाचून वाटेल की सर फार हुशार झाले. तर आता दुसरी बाजू.

पहिल्याच परीक्षेत मी त्या आवडीच्या पेपरात नापास झालो. पासिंग चाळीसला होतं, मला चौतीस. का? मी उत्तरं इंजिनिअरसारखी लिहिली होती. पॉइंट एक, पॉइंट दोन, शीतयुद्धाच्या कारणांचा फ्लोचार्ट! सत्तासंतुलनाची तर चक्क आकृती काढून बाण दाखवले होते. आपल्याला सवय असते की उत्तर एकच असतं आणि ते चौकटीत लिहायचं. इथे आधी एकाचं म्हणणं मांडायचं, मग दुसऱ्यानं ते कसं खोडलं ते सांगायचं, मग तुम्हाला काय वाटतं आणि का. ते "का" लिहायला माझा हात चालेना. दहा वर्षं शिकवत असलेला माणूस मी. ज्या आठवड्यात तुमच्यातल्या दोघांना केटीवरून झापलं त्याच आठवड्यात हा निकाल लागला, म्हणून तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो. त्या दोघांनी वाटल्यास हसून घ्यावं.

भाषेचाही त्रास झाला. हा कोर्स इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि डोक्यात विचार मराठीत. "सॉव्हरिनटी" लिहिताना हात अडखळायचा, सार्वभौमत्व म्हटलं की कळायचं. शेवटी उपाय सापडला. आधी मराठी पुस्तकं वाचायची. शैलेंद्र देवळाणकरांनी या विषयावर मराठीत नीट लिहून ठेवलंय. विषय मराठीत पचवायचा आणि मग इंग्रजीत उतरवायचा. वेळ दुप्पट लागतो, पण लिहिलेलं आपलं वाटतं. आपल्या लायब्ररीत अशी पुस्तकं नाहीत. ग्रंथपाल मॅडमना यादी दिली आहे. त्या म्हणाल्या, "सर, कुठल्या डिपार्टमेंटच्या बजेटमध्ये टाकू?" हा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

वेळेचं म्हणाल तर साडेदहाची हजेरी झाली की अकरा ते एक. त्यात कुणाचा नळ गळतो, कुणाला ताप येतो. असाइनमेंट हातानं लिहायच्या, त्या मुलीच्या गृहपाठाशेजारी बसून लिहिल्या. तिला वाटायचं बाबांनाही शाळेत शिक्षा झालीय! नोकरी करून शिकणाऱ्याला शाबासकी देणारे खूप भेटतात, पण त्याचा रविवार कुणी परत देत नाही. त्या तीन वर्षांत मी दोनदा पालखीला गावी जाऊ शकलो नाही, कारण तेव्हा परीक्षा होती. आईनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आणि सगळ्यात मोठी फजिती पुढेच आहे. 2023 च्या पावसाळ्यात, चार पुस्तकं वाचून झाल्यावर, मी अण्णांना म्हणालो की आता पुन्हा युरोपला माल द्या. नियम आता माहीत आहेत, तपासणी नीट होते, दर चांगला आहे. 2010 नंतर त्यांनी तिकडे पाठ फिरवली होती. माझ्या शब्दावर त्यांनी नोंदणी केली. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात हूथींचे जहाजांवर हल्ले सुरू झाले. 2024 च्या हंगामात बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. साधारण दोन आठवडे जादा, भाडं जादा. माल नाकारला गेला नाही, पण निर्यातदारानं दर पाडूनच घेतला. अण्णा मला म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?"

नव्हतं. म्हणजे बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी होती, तिचं महत्त्व होतं, नकाशा होता. पण अमुक महिन्यात अमुक होईल हे कुठल्याच पुस्तकात नसतं. हा विषय भविष्य सांगत नाही. ज्याला भविष्य पाहिजे त्यानं गावातल्या ज्योतिष्याकडे जावं, तो फीही कमी घेतो. मग उपयोग काय, असं त्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलंच. उपयोग एवढाच की या वेळी मी गप्प बसलो नाही. बांधावर बसून अण्णांना नकाशा काढून दाखवला. येमेन कुठे, सुएझ कुठे, हूथी कोण, गाझात काय चाललंय, त्याचा यांच्याशी काय संबंध, विमा का वाढतो, आणि यात निर्यातदाराचा खरा खर्च किती आणि त्यानं जादा किती कापलं असावं. अण्णांनी शेवटचा मुद्दा पकडला. दुसऱ्या दिवशी ते आणि आणखी पाच बागायतदार मिळून त्या निर्यातदाराकडे गेले आणि भाडेवाढीचा हिशेब मागितला. किलोमागे तीन रुपये वाढवून मिळाले. तीन रुपये ही काही क्रांती नव्हे. पण 2010 साली आमच्याकडे विचारायला प्रश्नसुद्धा नव्हता.

सगळेच प्रश्न इतके सरळ असतात असंही नाही. 23 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी, भारतानं सिंधू जलकरार स्थगित ठेवला. त्या रात्री टीव्ही रूममध्ये तुमच्या घोषणा चालल्या होत्या. हल्ल्याची चीड मलाही होती, आजही आहे. पण 1960 चा तो करार मी नुकताच वाचलेला. पूर्वेच्या तीन नद्या आपल्याला, पश्चिमेच्या तीन त्यांना, दोन युद्धांतून आणि कारगिलमधूनही टिकलेला. भारतीय म्हणून मी वरच्या अंगाला बसलेलो, आणि इंदापूरकर म्हणून जन्मभर टेलला. कालव्याचं वरचं दार कुणाच्या हातात आहे यावर आमचं अख्खं तालुक्याचं राजकारण चालतं. 2021 मध्ये उजनीचं पाच टीएमसी पाणी इंदापूरला मंजूर झालं तेव्हा सोलापूरकर पेटून उठले आणि महिन्याभरात तो निर्णय रद्द झाला, हे आम्ही पाहिलंय. त्यामुळे पाण्याच्या प्रश्नावर मला एका दमात घोषणा देता येत नाही. घोषणा चूक असं मी म्हणत नाही. मी घोषणा देता देता थांबलो, एवढंच. टीव्ही रूममध्ये एकानं विचारलं, "सर, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" बाजू ठरलेलीच आहे रे. पण आपल्या बाजूनंही नीट विचार करणारं कुणी लागतं ना.

नोकरी करणाऱ्यानं हा विषय शिकण्याची खरी मजा इथेच आहे असं मला वाटतं. विशीत शिकला असता तर मला सगळे सिद्धांत पाठ झाले असते आणि मार्कही बरे पडले असते. चाळिशीला शिकल्यामुळे प्रत्येक पानावर कुणीतरी ओळखीचं भेटतं, कधी अण्णा, कधी बोअरवाले काका, कधी आजीची मिलो. कोल्हापूरकडच्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत जाण्याआधी उपजिल्हाधिकारी होते. आधी जमिनीचे सात-बारा पाहिले आणि 1983 नंतर देशांचे. माझा त्यांच्याशी काही परिचय नाही, आणि मी काही कुठे राजदूत होणार नाही. पण तो क्रम मला योग्य वाटतो.

पदवी 2025 मध्ये एकदाची पूर्ण झाली. इन्क्रिमेंट मिळालेलं नाही, गॅसचा नंबर अजून मीच लावतो.

त्या शनिवारी पोह्यांची प्लेट सोडून आलेल्या मुलाला मी म्हणालो, संध्याकाळी रूमवर ये. तो एकटा येईल असं वाटलं होतं, आले अकरा जण. अमेरिकन अध्यक्षांना असा आदेश कुठल्या अधिकारात काढता येतो, कोर्टात त्याला कोण अडवू शकतं, तिथल्या कंपन्यांना काय पाहिजे आणि तिथल्या बेकारांना काय, कॅनडा आणि जर्मनी अशा वेळी काय करतात, यावर साडेअकरापर्यंत बोललो. त्याच्या कर्जाचं काय करायचं ते त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ठरवलं, मी सल्ला दिला नाही. द्राक्षांच्या अनुभवानंतर मी सल्ले देणं बंद केलंय.

तेव्हापासून दर गुरुवारी मेसनंतर बसतो. चहा ज्यानं त्यानं आणायचा. रीडिंग रूमच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावलाय. त्यावर प्रत्येकानं आपापलं गाव पेनानं टिंब देऊन दाखवायचं असं ठरलं. माझ्या वतीनं फर्स्ट इयरच्या कुणीतरी निमगाव केतकी लिहून टाकलंय. टिंब पडलंय विजापूरच्या खाली. पेन पर्मनंट होता, त्यामुळे सध्या आमचं गाव कर्नाटकात आहे.